सुऱ्या पाजवायला कोणतं चाक: बेंच ग्राइंडर की पाण्यातलं?

सहा इंची बेंच ग्राइंडर (टेबलावर बसवायचं, विजेवर कोरडंच फिरणारं धारेचं चाक) मिनिटाला जवळपास २८०० फेरे घेतो. पाण्याच्या ट्रेमधून फिरणारं दहा इंची चाक जेमतेम ९०. कडेचा वेग काढलात तर ग्राइंडरचा सेकंदाला बावीस मीटर, पाण्यातल्याचा सव्वा मीटरही नाही. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी मी दुसरंच घ्या म्हणतो, ते यामुळे.

सुरीची कड कागदासारखी पातळ. तिथे तयार झालेली उष्णता जाणार कुठे? साध्या कार्बन पोलादावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. निळं दिसलं म्हणजे कड ३०० अंशांच्या आसपास पोचली आणि पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलं. सासूबाईंच्या विळीवर हा पराक्रम मी नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीत दोन सेकंदांत केला. त्यानंतर ती टोमॅटो चिरेना, नुसता चेपायची. (टोमणे अजून चालू आहेत.) उतरलेलं पाणी बादलीत बुडवून परत येत नाही, निळा भाग घासून संपवावाच लागतो.

तरी ग्राइंडर अगदीच टाकाऊ नाही. टोक मोडलेली सुरी, दाते पडलेला कोयता, बोथट खुरपं यांच्यावर पाण्याचं चाक रेंगाळत बसतं, ग्राइंडर चटकन मोकळा होतो. किंमतही बरीच कमी. घेतलातच तर १४०० फेऱ्यांचा बघा, पांढरं मऊ चाक लावा, डोळ्यांवर चष्मा हवाच, हातमोजे मात्र नकोत. बोटाला चटका बसायच्या आत पातं पाण्यात गेलं पाहिजे. नवं चाक बसवण्याआधी स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर तडा आहे, ते लावू नका.

पाण्यातल्या चाकावर सुरी क्लॅम्पमध्ये बसते, त्यामुळे एका बाजूला १५ अंश ठरवले की ते टोकापर्यंत टिकतात. पाटाला जोडलेली विळी मात्र क्लॅम्पमध्ये बसत नाही. तिला मी हातातल्या कुरुंदाच्या दगडानंच धार लावतो. शेवटी चामड्याच्या चाकावर बर (घासताना कडेला उरलेली धातूची बारीक किनार) काढताना धार फिरत्या चाकाच्या उलट कधी धरू नका, रुतते आणि सुरी उडते.

ठिणग्या नाहीत, शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ नाही. फक्त गाळ बेसिनमध्ये ओतू नका आणि काम झालं की ट्रे रिकामा करा. चाक रात्रभर पाण्यात राहिलं तर एका बाजूनं पाणी पितं आणि सकाळी हिंदकळत फिरतं.