पर्ल ५.८ची सोर्स किट: सोलारिस ८ असलेल्या सन वर्कस्टेशनवर कशी बसते

सोलारिस ८ या सनच्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर पर्ल (प्रोग्रॅमिंगची भाषा) येतंच, पण ५.००५_०३ ही आवृत्ती. ते सनच्या स्वतःच्या, विकत मिळणाऱ्या सी कंपायलरने बांधलेलं असल्यामुळे त्याच्या कॉन्फिगमध्ये -केपीआयसीसारखे फ्लॅग (कंपायलरला द्यायचे पर्याय) कायमचे बसलेत. सीपॅन या पर्लच्या सार्वजनिक संग्रहातलं सी-कोड असलेलं एखादं मॉड्यूल जीसीसी या मोफत कंपायलरने बांधायला घेतलं की जीसीसी त्या फ्लॅगवर अडतो. म्हणून ज्यांच्याकडे अजून सनचं अल्ट्रा ५ किंवा अल्ट्रा १० वर्कस्टेशन चालू आहे, त्यांनी २००२च्या जुलैमध्ये आलेली ५.८ सोर्सवरून बांधावी. पाचपैकी साडेचार गुण, बेधडक.

किट उत्तम आहे, पण पाथ (कमांड शोधायच्या डिरेक्टरींची यादी) आधी नीट करा. मेक, एआर आणि एलडी (लिंकर) ही बांधणीची हत्यारं सोलारिसवर /यूएसआर/सीसीएस/बिनमध्ये असतात. तो पाथमध्ये हवाच, आणि /यूएसआर/यूसीबी त्याच्या आधी अजिबात नको. यूसीबीतलं सीसी (सी कंपायलरची कमांड) म्हणजे नुसतं कवच. खरा कंपायलर नसेल तर 'लँग्वेज ऑप्शनल सॉफ्टवेअर पॅकेज नॉट इन्स्टॉल्ड' एवढं सांगून ते थांबतं. मेक किंवा हेडर फाइली सापडत नसतील तर बसवलेली पॅकेजं दाखवणारी पीकेजीइन्फो ही कमांड चालवा आणि एसयूएनडब्ल्यू या उपसर्गाची एचईए, बीटूल, एसप्रॉट आणि टू ही पॅकेजं आहेत का ते पाहा.

जीसीसी कुठून आणला हेही महत्त्वाचं. तो स्वतः बसवताना सिस्टिमच्या हेडर फाइलींच्या दुरुस्त प्रती स्वतःजवळ ठेवतो. सोलारिस २.६वर बांधलेला जीसीसी ८वर उचलून आणला तर या प्रती जुन्याच राहतात, आणि पर्लमध्ये काही दोष नसताना टाइप जुळत नसल्याच्या एररचा पाऊस पडतो. जीसीसीबरोबर येणारी एमकेहेडर्स ही स्क्रिप्ट पुन्हा चालवली की प्रती ताज्या होतात.

टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) उलगडताना 'डिरेक्टरी चेकसम एरर' आला तर सोलारिसचा टार बाजूला ठेवून जीएनयू टार घ्या.

आता कॉन्फिगर, म्हणजे बांधणीची जुळवणी करणारी स्क्रिप्ट. हा या किटचा जीव. कोणत्या मशीनवर काय असेल याचे अंदाज बांधत न बसता तो छोटे सी प्रोग्रॅम कंपाइल करून, चालवून खात्री करतो. सुरुवातीला किटमधल्या सगळ्या फाइली आहेत का तपासून 'लुक्स गुड' म्हणतो, मग मशीनवर यूनिस (व्हीएमएसवर चालणारी युनिक्सची नक्कल) नसल्याबद्दल अभिनंदनही करतो! कमांड अशी: एसएच कॉन्फिगर -डीईएस -डीसीसी=जीसीसी -डीप्रीफिक्स=/ऑप्ट/पर्ल५८. कॉन्फिगरचा सी कॅपिटल, -डीईएस सगळं स्मॉल, पुढच्या दोन्ही पर्यायांतला डी कॅपिटल. प्रीफिक्स, म्हणजे पर्ल बसवायची जागा, वेगळाच ठेवा. /यूएसआर/बिनमधलं पर्ल सिस्टिमच्या स्क्रिप्ट वापरतात, त्याला हात लावू नका. मोठे पूर्णांक हवे असतील तर -डीयूज६४बिटइंट पुरतं. यूज६४बिटऑल घेतलं की प्रत्येक लायब्ररी ६४-बिट लागते. थ्रेड्सचा (एकाच प्रोग्रॅमात समांतर कामं चालवण्याच्या सोयीचा) निर्णयही इथेच घ्या, कारण नंतर बदलला तर सी-मॉड्यूलं सगळी पुन्हा बांधावी लागतात, शिवाय थ्रेड्सवालं पर्ल हळू चालतं.

अर्धा गुण कापला तो कॉन्फिग.एसएचसाठी. चुकीच्या कंपायलरने एकदा कॉन्फिगर चाललं की उत्तरं या फाइलीत राहतात, आणि पाथ सुधारून पुन्हा चालवलं तरी तीच उत्तरं गृहीत धरली जातात. नवखा माणूस इथे तासन्‌तास अडकतो. मेक डिस्टक्लीन करून (जुनी उत्तरं पुसून) कोऱ्या पाटीवर सुरुवात करा.

मेक आधी मिनीपर्ल, म्हणजे पर्लची छोटी आवृत्ती, बांधतो आणि त्याच्याकडूनच एक्स्टेन्शनची (पर्लबरोबर येणाऱ्या सी-मॉड्यूलांची) पुढची कामं करून घेतो. त्यामुळे मिनीपर्लच लिंक होत नसेल तर कंपायलर किंवा लिंकर तपासा. मिनीपर्लनंतर एखादं एक्स्टेन्शन पडलं तर बहुतेकदा त्याची लायब्ररी किंवा हेडर कमी आहे. मेक टेस्ट टाळू नका. काही चाचण्या पडल्या तर टी डिरेक्टरीत जाऊन ./पर्ल हार्नेस चालवा, कोणत्या फाइलीतली कितवी चाचणी पडली ते आकड्यासकट दिसतं. मेक इन्स्टॉल त्यानंतरच.