विडाल स्लाइड किट: चार बाटल्या, एक मिनिट

पावसाळा लागला की गल्लीतल्या लॅबपासून मोठ्या रुग्णालयापर्यंत सगळीकडे टायफॉइडसाठी रक्त तपासायचं हे किट झपाट्याने संपतं. खोक्यावरचं नाव बदलतं, आतला माल साधारण तोच: प्रतिजनांच्या चार ड्रॉपर बाटल्या (टायफी ‘ओ’, टायफी ‘एच’, पॅराटायफी ‘एएच’ आणि ‘बीएच’), पॉझिटिव्ह कंट्रोल (गुठळी नक्की देणारा नमुना), गोल आखलेली काचपट्टी आणि ढवळायच्या काड्या. मायक्रोपिपेट आपलं आपण आणायचं. खरी गोम तिथेच आहे, पण ते पुढे.

बाटल्यांतली प्रतिजनं म्हणजे मारलेले, रंगवलेले जिवाणू. रुग्णाच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं असली की त्यांच्या गुठळ्या होतात. बहुतेक कंपन्या ‘ओ’ निळा आणि ‘एच’ लाल ठेवतात. टायफॉइडचा जिवाणू साल्मोनेला टायफी, त्याच्या बाह्य आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड (साखर-चरबीचं संयुग) म्हणजे ‘ओ’, अंगभर फुटलेल्या कशाभिका (शेपटीसारखे तंतू) म्हणजे ‘एच’. जिवाणूवर बाहेरून ‘व्हीआय’ नावाचं कवच असतं, ते ‘ओ’ झाकून टाकतं. म्हणून ‘ओ’ची बाटली बनवताना कवच आणि कशाभिका आड येणार नाहीत हे पाहावं लागतं, तर ‘एच’साठी फॉर्मेलिन वापरून कशाभिका जपाव्या लागतात. ‘ओ’ची गुठळी रवाळ पडते, ‘एच’ची कापसासारखी सैल. दोन्ही एकाच नजरेने वाचू नयेत.

पद्धत सोपी, म्हणूनच हयगय होते. बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायच्या, वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला आणायच्या आणि हलवून घ्यायच्या. तळाशी बसलेले जिवाणू वर आले नाहीत तर थेंब फिका पडतो. पाच गोलांत सीरम ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटर, सहाव्यात नुसतं सलाइन. मग ड्रॉपर उभा धरून प्रत्येकी एक थेंब प्रतिजन, वेगवेगळ्या काडीने ढवळणं, एक मिनिट हलक्या हाताने फिरवणं. गोल अनुक्रमे १:२०, १:४०, १:८०, १:१६० आणि १:३२० धरतात; ज्या शेवटच्या गोलात गुठळी दिसते त्याचा आकडा म्हणजे टायटर. एक मिनिटाला वाचायचंच. थेंब कडेने सुकू लागला की दाणे दिसतात आणि ते ‘पॉझिटिव्ह’ म्हणून रिपोर्टात जातात.

आता पिपेटची गोम. ५ मायक्रोलिटरऐवजी काडीच्या टोकावरचं सीरम ‘अंदाजे’ लावलं, की टायटर एकदोन पायऱ्या सहज सरकतो. रक्त फुटून लालसर झालेलं किंवा चरबीने दुधाळ सीरम घेऊ नये. फ्रीजरमध्ये चुकून गोठलेली बाटली सरळ टाकावी, प्रतिजन स्वतःच गुठळ्या करू लागतं. सलाइनच्या गोलात दाणे दिसले तर त्या बाटलीचे सगळे निकाल रद्द. हा सहावा गोल ‘वाचवणाऱ्या’ लॅबवर विश्वास ठेवू नये.

किटला आमच्याकडून साडेतीन तारे. चाचणीला मात्र दोनच. फ्रेंच डॉक्टर फर्नां विडाल यांनी १८९६ मध्ये ही चाचणी मांडली, तेव्हा दुसरं फार काही हाताशी नव्हतं. चाचणी जिवाणू शोधत नाही, शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधते. ती साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिसू लागतात, त्यामुळे तापाच्या तिसऱ्या दिवशी केलेली विडाल निगेटिव्ह आली तर त्याचा काही अर्थ नाही. उलट, ‘एच’चा टायटर जुन्या आजारानंतर बराच काळ टिकतो आणि दुसऱ्या कुठल्या तापातही वर येऊ शकतो. मलेरियात, डेंग्यूत खोटे पॉझिटिव्ह येतात. साल्मोनेला एन्टेरिटिडिसच्या ‘ओ’चे काही घटक टायफीसारखेच असल्याने तिथेही गफलत होते. ‘व्हीआय’ लशीने ‘ओ’ आणि ‘एच’ वाढत नाहीत, कारण त्या लशीत ते नसतातच. त्यामुळे नवी मुंबईत २०१८ पासून दिलेल्या, ‘व्हीआय’वरच आधारलेल्या कंजुगेट लशीला पॉझिटिव्ह विडालचं खापर फोडू नये.

एकाच नमुन्यावर ‘टायफॉइड निघाला’ म्हणणं घाईचं. ७ ते १० दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन टायटर चौपट वाढला तर पुरावा भक्कम. पण तोवर रुग्ण बरा होतो किंवा बिघडतो, म्हणून हे फारसं कोणी करत नाही. स्लाइडवर पॉझिटिव्ह आलेलं सीरम निदान नळीतल्या विडालवर तपासावं: ३७ अंशाला रात्रभर, वाचन दुसऱ्या दिवशी.

खरा पर्याय ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून पाहणं. प्रतिजैविक सुरू होण्याआधी, पहिल्याच आठवड्यात, प्रौढाचं ८ ते १० मिलिलिटर रक्त. इतकं का? हा जिवाणू मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींच्या आत दडून अस्थिमज्जा, यकृत आणि प्लीहेत राहतो. रक्तात अनेकदा मिलिलिटरमागे एकही सापडत नाही. ३ मिलिलिटर पाठवून ‘ग्रोथ नाही’ आलं तर दोष बाटलीचा नाही. रक्त भरलेली बाटली फ्रीजमध्येही ठेवू नये. कल्चरचा मोठा फायदा म्हणजे कोणतं औषध चालेल तेही कळतं, विडाल ते कधीच सांगत नाही.

तरीही किट घ्यायचंच असेल तर दिवसाला दोनतीन नमुने येणाऱ्या लॅबने मोठा पॅक घेऊ नये, उघडलेली बाटली पडून राहते. मुदत खोक्यावरची नाही, प्रत्येक बाटलीवरची पाहावी. रिपोर्टवर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ न छापता चारही टायटर आणि तापाचा कितवा दिवस ते लिहावं. आणि बऱ्याच बाटल्यांत सोडियम अझाइड असतं. ते तांब्याच्या किंवा शिशाच्या नळात साचून स्फोटक क्षार बनवतं, तेव्हा उरलेला माल बेसिनमध्ये ओतलाच तर भरपूर पाणी सोडावं.