माश्यांची चिकट पट्टी: रसवंतीवर चालते, गोठ्यात अपुरी

नळीतून ओढून टांगायची ही पट्टी घरमाशीसाठी चांगली. केळीच्या घडाभोवतीच्या चिलटांसाठी मात्र घेऊ नका.

घरमाशी ६ ते ७ मिलिमीटर, राखाडी, पाठीवर चार काळ्या उभ्या रेघा. पंखांची एकच जोडी. पायांना केसाळ गाद्या असतात, त्यांतून चिकट द्रव पाझरतो, म्हणून ती काचेवरही चालते. (चवही पायांनीच घेते, हे ताटावर बसलेली दिसली की आठवावं.) पट्टीवरचा गोंद हे पायच धरतो, वर धूळ बसली की पकड गेली. खान्देशातल्या मे महिन्यात खरी अडचण हीच, शिवाय उन्हात गोंद ओघळतो. सावलीत, वाऱ्याच्या आड लावा. सावकाश पीळ देत ओढा, झटक्याने तुटते.

रसवंतीत चिपाडांच्या ढिगाजवळ टांगा, ग्लासांवर नको. माश्या रात्री दोरीवर, तारेवर विसावतात, त्यामुळे छताजवळची पट्टी जास्त भरते.

गोठ्यात एवढ्यावर भागत नाही. मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते, उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसांत नवी माशी तयार. उकिरडा उघडा असेल तर आधी तो झाका, पट्टी नंतर घ्या.