हाउसबोटीसाठी घेतलेली लाइफ जॅकेट: हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

लहान मुलं आणि वयस्कर माणसं घेऊन हाउसबोटीवर राहायचा बेत असेल, तर बाकी कशाच्याही आधी मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट घ्या, असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते. आमची केरळसाठी घेतली होती. तिथून आल्यावरही ती इथे सतत वापरात आहेत, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले. इकडे गावोगावी मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव, आणि धानाच्या बांध्यांना लागून बोड्या, म्हणजे लहान तळी. पाण्याला लागूनच आमचं राहणं, पण घरात पोहता येतं ते एकट्या बाबूजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आणि त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. मुलं दोन: धाकटा अंगणवाडीत, मोठी तिसरीत. वेंबनाड तलावावर जायचं ठरलं त्याला एक कारण रेल्वे. बल्लारशाहून केरळ एक्सप्रेसमध्ये बसलं की थेट कोट्टायमला उतरायचं, आणि तिथून कुमरकोम जवळच. आई-बाबूजींना मध्ये गाडी बदलावी लागत नाही.

हाउसबोटीवर चालक, स्वयंपाकी आणि एक मदतनीस असे लोक सोबत असतात, त्यामुळे आपण निर्धास्त होतो. पण चालकाचं लक्ष पाण्यावर, स्वयंपाक्याचं चुलीवर. पोराकडे पाहायला घरचंच माणूस लागतं. बोटीचा पुढचा भाग उघडा असतो, खुर्च्या तिथेच मांडलेल्या, आणि मुलं दिवसभर तिथेच. बुकिंग करताना "लाइफ जॅकेट आहेत का?" विचारलं की सगळे हो म्हणतात, आणि असतातही, पण मोठ्यांच्या मापाची. "पंधरा-सोळा किलोच्या मुलासाठी आहे का?" असं विचारलं की खरं काय ते कळतं. कठड्याची उंची, संडास कमोडचा आहे का, बोटीत चढताना फळीवरून जावं लागतं का, हेही तेव्हाच विचारून फोटो मागवून घ्या. बोटीला किती माणसांची परवानगी आहे तेही विचारा. 7 मे 2023 ला केरळातच तानूरला पर्यटकांची बोट उलटली आणि 22 जण गेले, त्यात कितीतरी मुलं होती. बोटीत माणसं जास्त भरली होती.

आता जॅकेटबद्दल. जॅकेट पाण्यात किती जोर लावून वर धरतं, त्याचा न्यूटनमध्ये आकडा आतल्या लेबलवर असतो, तो पाहिल्याशिवाय घेऊ नका. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला आधार म्हणून ठीक. ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी किमान 100 न्यूटनचं हवं. त्यात छातीवर जाड फोम आणि मानेमागे कॉलर असते, त्यामुळे पाण्यात पडलेल्या माणसाला ते पाठीवर वळवतं आणि तोंड वर ठेवतं. मुलांचं माप वयावर नाही, वजनावर घ्यायचं. मोठं होईल म्हणून एक माप वाढवून घेतो तसं शाळेच्या गणवेशाला चालतं, इथे अजिबात नाही. आणि पायांमधून जाणारा पट्टा हवाच.

तो पट्टा कशासाठी, हे आम्हाला घरच्या बोडीत कळलं. दसऱ्याच्या सुमारास कंबरभर पाणी होतं, धाकट्याला जॅकेट घालून माझ्या नवऱ्याने पाण्यात सोडलं. आधी मुद्दाम खालचा पट्टा न लावता. जॅकेट सरळ वर सरकलं, हनुवटी आत गेली, कानापर्यंत कॉलर आली आणि पोरगा त्यातून खाली निसटतोय असं दिसलं. बाबूजी काठावर उभे होते, ते म्हणाले, "पट्टा लाव रे, पट्टा लाव." लावल्यावर तोच पोरगा बुचासारखा वर राहिला, तोंड पूर्ण पाण्याबाहेर. पण जॅकेटने त्याला उताणं केलं तेव्हा तो जोरात रडला. अचानक आभाळाकडे तोंड झालं की लहान मूल घाबरतंच. दोन-चारदा सवय झाल्यावर हसायला लागला. ही सवय घरच्या पाण्यात, आजोबांच्या डोळ्यांसमोर झालेली बरी. म्हणून जॅकेट निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका.

कोरड्यातली तपासणी सोपी आहे: सगळे पट्टे लावून जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायचं. मूल सोबत उचललं गेलं पाहिजे, नुसतं जॅकेट नाही.

बोटीवर आमचा नियम एकच होता, खोलीच्या बाहेर पाय टाकला की जॅकेट अंगात. शिवाय मोठ्या माणसांनी पाळी लावून घेतली, ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाइल नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधतात, कारण त्यानंतर मच्छीमारांची जाळी पाण्यात पडतात. पण बांधलेल्या बोटीवरही जॅकेट काढू दिलं नाही. दिवसभराची दमलेली मुलं आणि अंधार, त्या वेळी जास्त जपावं लागतं.

आईंची अडचण वेगळी होती. मोठी बोट अरुंद कालव्यांत जात नाही, तिथे लहान नावेतून फिरवतात. साडीवर पायांमधला पट्टा लागतच नाही, आणि सैल जॅकेटचं काय होतं ते त्यांनी बोडीत पाहिलेलं. त्यांनी स्वतःहून माझी सलवार मागून घेतली, आयुष्यात पहिल्यांदा घातली, आणि पट्टा लावून नावेत बसल्या. बाबूजींना मानेमागच्या कॉलरने घाम यायचा, तरी त्यांनी काढलं नाही. नातवंडं आजोबांकडे पाहूनच घालत होती, त्यामुळे हे फार महत्त्वाचं ठरलं.

इतक्या महिन्यांच्या वापरानंतर: नारंगी रंग उन्हाने थोडा विटलाय, फोम जसाच्या तसा आहे. वापरून झाल्यावर साध्या पाण्याने धुऊन सावलीत टांगते. त्याच्यावर कोणी बसत नाही, उशाला घेत नाही, दबून फोमची ताकद कमी होते. मोठीच्या जॅकेटची एक क्लिप उन्हाळ्यात तुटली. विकणाऱ्याने क्लिप वेगळी मिळत नाही म्हणून हात वर केले, याचा मला खरंच राग आला. तुटक्या क्लिपचं जॅकेट मी मुलीला घालू देत नाही, नवीन घेतलं. शिट्टी दोन्हींना होती, चांगली वाजते.

आता जवळच्या घोडाझरी तलावावर गेलो तरी जॅकेट गाडीत असतात. मामेसासऱ्यांकडे जाताना नदी नावेने ओलांडावी लागते, तिथेही मुलं घालूनच बसतात, कोणी कितीही पाहो. 2021 च्या सप्टेंबरात वरुड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून नात्यातली 11 माणसं बुडाली होती. घरच्या कार्याला जमलेली माणसं होती ती. आपल्याकडच्या नावांवर जॅकेट ठेवलेलं मी क्वचितच पाहिलंय, आणि ते ठेवायलाच हवं.

धाकट्याचं जॅकेट अजून एखादा हिवाळा पुरेल. दर दोन-तीन महिन्यांनी त्याचं वजन करते आणि लेबलवरच्या आकड्याशी ताडून पाहते.