पिशवीच्या तोंडाची प्रक्रिया: गोळी, स्प्रे, सुई की भूल?

तांबी बसवताना दोन वेगवेगळ्या जागी दुखतं. गर्भपिशवीचं तोंड चिमट्याने धरलं की खाली टोचतं, आणि तांबी आत वर टेकली की बेंबीखाली कळ येते. दोन्हींच्या नसा बव्हंशी वेगळ्या, म्हणून एकच उपाय दोन्हीकडे सारखा चालत नाही.

सगळ्यात स्वस्त गोळी. आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम किंवा नेप्रोक्सेन 500, तासभर आधी, काहीतरी खाऊन. चिमट्याचा क्षण तिने फारसा सुसह्य होत नाही. नंतरचा मुरडा मात्र कमी होतो. अल्सर, किडनीचा आजार किंवा दुखण्याच्या गोळ्यांनी उठणारा दमा असेल तर ती नको.

लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा 10 टक्के स्प्रे पिशवीच्या तोंडावर मारून तीनेक मिनिटं थांबलं तर चिमटा बराच सोसवतो. 2 टक्क्यांच्या जेलीवर भरवसा ठेवू नका.

खरा फरक पडतो तो पिशवीच्या तोंडाभोवती दिलेल्या भुलेच्या इंजेक्शनने. 1 टक्का लिग्नोकेन, एकूण जास्तीत जास्त 20 मिली: घड्याळाच्या बाराच्या जागी, म्हणजे चिमटा लागणार तिथे, 2 मिली, उरलेलं चार आणि आठच्या जागी, तोंड योनीला मिळतं तिथे. प्रत्येक वेळी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे बघायचं, मग सावकाश सोडायचं. सुई टोचताना झोंबतं, हे आधीच सांगितलेलं बरं. गडबड होते ती दोन ठिकाणी. इंजेक्शन देऊन लगेच काम सुरू करतात; किमान 3 मिनिटं थांबावंच लागतं. दुसरं, 2 टक्क्यांची बाटली तशीच वापरली तर 20 मिलीत 400 मिलिग्रॅम जातं. 45 किलोच्या बाईला वरची मर्यादा साधारण 200, म्हणून तेवढंच सलाईन मिसळून ते 1 टक्का करायचं. कानात घुईं आवाज, तोंडाला धातूची चव, ओठ बधिर, असं काही वाटलं तर तिथेच बोला.

शिरेतून भूल घेतली तर काहीच कळत नाही. पण भूलतज्ज्ञ हवा, 6 तास उपाशी पोट हवं, सोबत माणूस हवं. लातूरहून एकटीने एसटीने गावी परतणं त्या दिवशी जमत नाही. गंमत म्हणजे गोळीसाठी खाऊन आलात तर हीच भूल पुढे ढकलली जाते. म्हणून काय देणार आहेत, हे आदल्या दिवशी फोनवरच विचारा.

मिसोप्रोस्टॉल, म्हणजे पिशवीचं तोंड मऊ करणारी गोळी, साध्या तांबीसाठी सरसकट नको. मुरडा, थंडी, जुलाबच वाढतात.

नुसत्या स्वॅबला किंवा कर्करोगाच्या तपासणीत व्हिनेगर लावून बघण्याला यातलं काही लागत नाही. तांबीला गोळी आणि स्प्रे. आधी एकही नैसर्गिक बाळंतपण झालेलं नसेल तर सुई मागा. लूपने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या तारेच्या कडीने, पिशवीच्या तोंडाचा भाग काढायचा असेल तर सुईशिवाय टेबलावर चढू नका. तोंड रुंद करून क्युरेटिंग करायचं असेल आणि मनात धास्ती असेल, तर भूलच बरी.