गोल पिनचा कीबोर्ड: विंडोज टाकताना माउस-कीबोर्ड मुके होतात तेव्हा

इंदूरला आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये 'गोल पिनवाला' म्हणून मागितला की दुकानदाराला बरोबर कळतं. खरं नाव पीएस-टू. आयबीएमने १९८७ साली आणलेली ही जोडणी. टोकाला सहा पिना, कीबोर्डचा रंग जांभळा, माउसचा हिरवा. साधा मेम्ब्रेनचा (बटणांखाली रबरी पडदा असलेला) घेतला तर पाचशेच्या आतबाहेर भागतं. रोजच्या टायपिंगसाठी मुद्दाम हाच घ्या असं म्हणवत नाही, पण ज्यांच्या टेबलावर आठवड्याला दोन-चार मशीन विंडोज टाकायला येतात त्यांच्या खणात हा असायलाच हवा. दोष कुठे आहे हे तो ज्या झटक्यात दाखवतो, तसं महागडा वायरलेस सेट कधीच दाखवत नाही.

अडचण ओळखीची आहे. बायोसमध्ये (मशीन चालू होताच उघडणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) यूएसबी कीबोर्ड नीट चालतो, बूट मेनूतून पेनड्राइव्हही निवडता येतो, आणि भाषा विचारणारा पडदा आला की बाण जागचा हलत नाही, एंटरही लागत नाही. मग नवा कीबोर्ड आणला जातो आणि तोही तिथेच अडतो. कीबोर्ड बिघडलेला नसतोच. बायोसमध्ये तो बायोसच्या स्वतःच्या छोट्या ड्रायव्हरवर, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालत असतो. सेटअप सुरू झाला की यूएसबीचा कारभार विंडोज आपल्या हातात घेते, आणि यूएसबी कंट्रोलरचा (पोर्टांचा कारभार बघणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर तिच्याजवळ नसेल तर त्यावरची सगळी उपकरणं तिच्यासाठी नसल्यासारखीच.

२००९ च्या विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ च्या, म्हणजे एक्सएचसीआय कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो आतच येतो. त्यात २०१५ साली स्कायलेक प्रोसेसरबरोबर आलेल्या १०० मालिकेच्या चिपसेटमधून इंटेलने जुना, यूएसबी २ चा ईएचसीआय कंट्रोलरच काढून टाकला. म्हणून 'निळ्यातून (यूएसबी ३) काढा, काळ्या पोर्टात (यूएसबी २) लावा' हा सल्ला एच६१ किंवा एच८१ या जुन्या बोर्डांवर बरोबर ठरतो, पण १०० मालिकेतल्या एच११० वर त्याचा काही उपयोग नाही. तिथे काळे पोर्टही एक्सएचसीआयवरच आहेत. मध्ये यूएसबी २ चा हब लावूनही फरक पडत नाही, कारण हबच्या मागे कंट्रोलर तोच. एच८१ वर बायोसमध्ये एक्सएचसीआय मोड डिसेबल केला की सगळे पोर्ट जुन्या कंट्रोलरवर येतात आणि कीबोर्ड-माउस जागे होतात. एखाद्या जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी किंवा प्रिंटरसाठी विंडोज ७ च हवी, अशी मशीन अजूनही येतात. तिथे पहिला प्रश्न बोर्ड कोणता हाच विचारावा.

गोल पिनचा कीबोर्ड या वाटेने जातच नाही. त्याचा कंट्रोलर वेगळा, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये पहिल्यापासून आहे. मशीन चालू करताना नम लॉक, कॅप्स लॉक, स्क्रोल लॉक हे तिन्ही दिवे एकदा चमकून विझतात. पाच व्होल्ट पोहोचले आणि कीबोर्डने स्वतःची तपासणी केली, एवढं तेवढ्यावरून कळतं. त्यानंतर सेटअपच्या पडद्यावर नम लॉक दाबून बघा. तो दिवा कीबोर्ड आपल्या मनाने लावत नाही, कॉम्प्युटरकडून हुकूम आला तरच तो लागतो किंवा विझतो. दिवा बदलला तर ड्रायव्हर चालू आहे. यूएसबीवर बदलत नाही आणि गोल पिनवर बदलतो, म्हणजे अडचण यूएसबीच्या ड्रायव्हरची. दोन्हीवर बदलत नाही, म्हणजे सेटअपच अडकलाय. मग रॅम, डिस्क आणि पेनड्राइव्ह तपासा, कीबोर्डचा नाद सोडा. आणखी खात्री हवी असेल तर उबुंटूचा (ही लिनक्सच) लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारा, पेनड्राइव्ह लावा. लिनक्सच्या कर्नलमध्ये एक्सएचसीआय २००९ पासून आहे, त्यामुळे यूएसबी कीबोर्ड तिथे चालला तर हार्डवेअर निर्दोष.

माउस नसला तरी पूर्ण इन्स्टॉलेशन या एका कीबोर्डवर होतं: टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, बाणाने निवड, स्पेसने टिक, ऑल्ट आणि एन दाबलं की नेक्स्ट. शिफ्ट आणि एफ१० ने काळी कमांडची खिडकी उघडते.

एक मर्यादा मात्र विकत घेण्याआधीच लक्षात घ्या. एच११० वर विंडोज ७ पेनड्राइव्हवरून टाकत असाल तर कीबोर्ड चालेल, पण पुढच्याच पायरीला सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही असा निरोप येईल. कारण पेनड्राइव्हही त्याच एक्सएचसीआयवर आहे. अशा वेळी साटाचा (यूएसबीचा नव्हे, बोर्डाला आतल्या केबलने जोडायचा) डीव्हीडी ड्राइव्ह जोडून डिस्कवरून टाका, नाहीतर दुसऱ्या मशीनवर डिझम ही विंडोजमधलीच कमांड वापरून इंटेलचा यूएसबी ३ ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलेशन इमेजमध्ये घाला. सोर्सेस फोल्डरमधली बूट डॉट विम फाइल हार्डडिस्कवर कॉपी करा. डिस्कवरून घेतली असेल तर तिची रीड-ओन्लीची खूण काढा, नाहीतर माउंट होणार नाही, म्हणजे बदलासाठी उघडणार नाही. तिच्यातला दुसरा इंडेक्स (क्रमांक दोनचा भाग) माउंट करून ड्रायव्हर जोडा, कारण सेटअप त्या दुसऱ्यातून चालतो. पहिल्यात घालून थांबलात तर मेहनत वाया. मग इन्स्टॉल डॉट विममधल्या, जी आवृत्ती टाकायची तिच्या इंडेक्समध्येही तोच ड्रायव्हर घाला. हे राहिलं तर पहिल्या रीस्टार्टनंतर, युजरचं नाव विचारताना, यूएसबी कीबोर्ड पुन्हा मुका होतो. ६४ बिटची इमेज असेल तर ड्रायव्हरही ६४ बिटचाच.

लॅपटॉपला गोल पोर्ट नसतं, तिथे हा कीबोर्ड कामाचा नाही. नव्या इंटेल लॅपटॉपवर विंडोज ११ टाकताना बहुतेक वेळा अंगचा कीबोर्ड चालतो आणि टचपॅड चालत नाही. टचपॅड आयटूसी मार्गाने जोडलेला असतो आणि इंटेल सिरियल आयओचा ड्रायव्हर सेटअपमध्ये नसला की तो गप्प. वायरचा साधा यूएसबी माउस लावा, इन्स्टॉलेशन उरका, मग कंपनीच्या साइटवरून तो ड्रायव्हर टाका. टचपॅड बदलायचा खर्च कुणी सांगितला तर आधी एवढं करून बघा.

हे जुनं झालं म्हणणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ ची गोष्ट पुरेशी आहे. १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा सपोर्ट संपला त्याच दिवशी, विंडोज ११ ला केबी५०६६८३५ हा अपडेट आला. त्यानंतर २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्यांच्या रिकव्हरीच्या (बिघडलेली विंडोज दुरुस्त करण्याच्या) पडद्यावर यूएसबी कीबोर्ड-माउस चालेनासे झाले. नेहमीच्या विंडोजमध्ये मात्र सगळं ठीक. दुरुस्तीचा अपडेट केबी५०७०७७३ सहा दिवसांनी, २० तारखेला आला. तोवर डेस्कटॉपवर गोल पिनच्या कीबोर्डने रिकव्हरीत शिरता येत होतं.

बायोसमध्येच यूएसबी कीबोर्ड लागत नसेल तर कारण वेगळं. फास्ट बूट चालू असला की काही बोर्ड यूएसबी उपकरणं सुरूच करत नाहीत. विंडोज उघडत असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा आणि तिथून यूईएफआय (नव्या बोर्डांचा बायोस) सेटिंगमध्ये जा. उघडत नसेल तर वीज काढा, बोर्डावरचा सीएमओएसचा (बायोसची सेटिंग पुसणारा) जंपर वापरा किंवा सीआर२०३२ सेल काही मिनिटं काढून ठेवा. आत गेल्यावर फास्ट बूट बंद आणि लेगसी यूएसबी सपोर्ट चालू. ब्लूटूथ कीबोर्डवर इन्स्टॉलेशनची भिस्त ठेवूच नका. डोंगलचे (यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरचे) वायरलेस सेट बहुधा चालतात, पण डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टाला किंवा पेनड्राइव्हला चिकटून असेल तर अक्षरं गळतात, कारण यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. छोट्या एक्स्टेन्शन वायरने डोंगल लांब न्या.

आता खरेदी. 'यूएसबी कीबोर्डला ही जांभळी टोपी लावा, झाला पीएस-टू' असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. ती टोपी फक्त तारा जुळवते. कीबोर्डच्या आतल्या चिपला दोन्ही भाषा येत असतील तरच ती चालते, आणि आजच्या बहुतेक कीबोर्डना ती दुसरी भाषा येत नाही. वायरच गोल टोकाची हवी. टोकाचं तोंड उजेडात धरून बघा: सहाही पिना सरळ हव्यात. त्यातल्या चारच कामाच्या असतात (डेटा, ग्राउंड, पाच व्होल्ट, क्लॉक), पण वाकलेली एक पिन शेजारणीला टेकली तरी काम थांबतं. लावताना प्लास्टिकची खाच जुळवून सरळ दाबा, फिरवून बसवू नका. मशीन चालू असताना लावू नका. ही जोडणी चालू मशीनवर लावायला बनलेलीच नाही, आणि जुन्या बोर्डांचा फ्यूज त्यात जाऊ शकतो. टीव्हीएस गोल्डचा चेरीच्या मेकॅनिकल स्विचचा गोल पिनवाला जुना कीबोर्ड कुठे चांगल्या स्थितीत मिळाला तर तोच घ्या, नाहीतर साधा मेम्ब्रेनचा बास. काउंटरवर मशीन बंद करायला लावा, कीबोर्ड जोडा, चालू करा, आणि ते तीन दिवे एकदम चमकले की मगच पैसे द्या.