जुन्या गाडीला नवा स्टिरिओ आणि नेव्हिगेशन : पैसे स्क्रीनवर कमी, दरवाज्यांवर जास्त घाला

आधी निकाल सांगते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. जुन्या गाडीतला कंपनीचा स्टिरिओ काढून सोनीचा ६.९५ इंची डबल-डिन (म्हणजे दुप्पट उंचीच्या ठरलेल्या मापाचा) टचस्क्रीन स्टिरिओ बसवला, पुढच्या दोन्ही दरवाज्यांत डॅम्पिंग (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या शीट) आणि नवे स्पीकर, मागे कॅमेरा, आणि हे सगळं गाडीची एकही मूळ वायर न कापता. खूप समाधान आहे. पण समाधानाचं निम्मं श्रेय स्क्रीनला नाही, वायरिंग आणि दरवाज्यांना आहे, आणि दुकानात गेलं की नेमकं तेच कोणी सांगत नाही म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

गाडी २०१३ ची डिझेल सेडान. मेकचं नाव घेत नाही कारण तक्रार त्या कंपनीची नाहीये, त्या काळातल्या बहुतेक गाड्यांचं असंच होतं. इंजिन ठणठणीत, रनिंग कमी, विकायचं काही कारणच नाही. फक्त आतला स्टिरिओ त्या काळात अडकलेला. ब्लूटूथ आहे पण फक्त फोन घ्यायला, गाणी त्यावरून वाजत नाहीत, गाण्यांसाठी सीडी, ऑक्स नाहीतर पेनड्राइव्ह आणि तोही जुन्या फॉरमॅटचाच लागतो. टच असा की बोटाने नाही, नखाने दाबावं लागतं. आणि नेव्हिगेशन एसडी कार्डावरचं. ते कार्ड त्या युनिटलाच बांधलेलं, नवीन नकाशे येणं कधीच बंद झालेलं.

आता बडोद्यात राहून जुना नकाशा म्हणजे काय ते बघा. गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी साडेतीन किलोमीटरचा अटल ब्रिज डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, त्या कार्डात तो नाहीच. भरूचकडे जाणारा नव्या दिल्ली–मुंबई एक्सप्रेसवेचा तुकडा २०२४ मध्ये खुला झाला, त्यावर गाडी घातली की जुनी स्क्रीन आपल्याला शेतातून चाललेलं दाखवते आणि सारखं मागे वळा मागे वळा. एवढं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण महीसागर नदीवरचा गंभीरा पूल, पादरा गावाकडून आणंदच्या बाजूला जाणारा, ९ जुलै २०२५ ला कोसळला, माणसं गेली, आणि त्या कार्डात तो पूल अजून उभा आहे, रस्ता त्याच्यावरूनच काढून देतो. हे बघितल्यावर मी ठरवलं की आता हे बदलायचं. नसलेला रस्ता दाखवणारं नेव्हिगेशन गाडीत ठेवण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा नसलेलं बरं.

बाजारात फिरलं की सगळे पहिल्यांदा नऊ नाहीतर दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन दाखवतात. दिसायला एकदम भारी, भाव कमी, यूट्यूब चालतं म्हणून दुकानदार लगेच लावूनपण दाखवतो. मी दोनतीन ठिकाणी हात लावून पाहिलं. सेटिंगमध्ये चार जीबी रॅम लिहिलंय पण नकाशा उघडून मागे गाणं चालू केलं की अडकतंय, मग तो आकडा काय कामाचा. या स्वस्त युनिटमध्ये सेटिंगच्या पानावर वाढवून लिहिलेले आकडे असतात ही जुनीच रड आहे, त्यामुळे लिहिलेल्यावर जाऊ नका, समोर वापरून बघा. दुसरं म्हणजे आपल्याकडचा मे महिना. उन्हात उभी केलेली गाडी, डॅशबोर्डला हात लागत नाही, त्यात आत एक छोटा कॉम्प्युटर ठेवायचा आणि तो दरवेळी चालू व्हायला वेळ घेणार, हे मला पटलं नाही.

आयफोनसाठी कारप्ले २०१४ मध्ये आणि अँड्रॉइड फोनसाठी अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये आलं तेव्हापासून डोकं फोनमध्ये आणि गाडीत फक्त स्क्रीन अशी सोय आहे, जुन्या गाडीला मला तीच योग्य वाटते. फोन आपण चारपाच वर्षांनी बदलतोच, नकाशे रोज ताजे, गाडीत म्हातारं होण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून सोनी. स्क्रीन दहा इंची नाही पण बोटाने नीट चालते, खाली दाबायची बटणं आहेत त्यामुळे आवाज कमी करायला रस्त्यावरची नजर काढावी लागत नाही. हे मॉडेल वायरलेस नाही, केबल लावावी लागते. मला तेच हवं होतं. केबलवरून आवाज ब्लूटूथपेक्षा स्वच्छ येतो आणि फोन चार्ज होत राहतो. फक्त केबल चांगली घ्या, एक मीटरच्या आतली, डेटावाली. रस्त्यावरची पन्नास रुपयांची लावली की खड्ड्यात सटकन कनेक्शन जातं आणि लोक स्टिरिओला नावं ठेवतात.

आता मुख्य गोष्ट, बसवणं. पहिल्या ज्या दुकानात भाव काढला (नाव नाही घेत) तिथला माणूस मागचा सॉकेट कापून वायरी पिळून टेप मारणार होता, तोंडावर म्हणाला सगळे असंच करतात. मी तिथून निघाले. मूळ सॉकेट एकदा कापला की परत कंपनीचा स्टिरिओ लागत नाही, आणि ती टेप दोन उन्हाळ्यांत चिकट होऊन सुटते, मग आत पिवळी वायर कुठेतरी टेकली की फ्यूज उडतो. पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची लाइन, लाल चावी फिरवल्यावर येणारी, काळी अर्थिंग, एवढं तरी गाडी देण्याआधी माहीत असू द्या.

शेवटी बडोद्यातच अकोटा भागाच्या बाजूला एक छोटं दुकान मिळालं, एक मिस्त्रीभाई आणि एक पोरगा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बजेटचा नाही, "बेन (ताई), स्टिअरिंगवरची बटणं चालू ठेवायची आहेत ना?" तिथेच मला कळलं की हा माणूस कामाचा. आपल्या गाडीत ती बटणं, रिव्हर्सचा सिग्नल, पार्किंग सेन्सर हे सगळं कॅन वायरिंगवरून (गाडीतले भाग एकमेकांना संदेश देतात ती लाइन) येतं, त्याला एक छोटा डबा लागतो जो गाडीची भाषा नव्या स्टिरिओला समजावतो. तो डबा आणि मूळ सॉकेटमध्ये खट्कन बसणारा कपलर त्यांनी गाडीचं मॉडेल आणि वर्ष बघून मागवला, दोन दिवस थांबायला लावलं, आणि ते थांबणं शंभर टक्के वसूल.

काम करताना मी तिथेच स्टुलावर बसून होते. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने डॅशबोर्डची फ्रेम एकेका क्लिपवरून अलगद उचलली, स्क्रू ड्रायव्हर खुपसला नाही, आणि निघालेले स्क्रू एका स्टीलच्या ताटलीत ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने गोल मांडत गेले. मधल्या पॅनलवर हॅझार्डचं बटण आणि एअरबॅगचा दिवा असतो, त्यांचे सॉकेट काढलेले असताना चावी फिरवायची नाही असं पोराला दोनदा बजावलं, नाहीतर एअरबॅगची वॉर्निंग लागून बसते. डबल-डिनचं भोक १८० बाय १०० मिलिमीटरचं ठरलेलं असतं, पण कंपनीच्या स्क्रीनची जागा त्यापेक्षा मोठी आणि वेडीवाकडी, म्हणून वेगळी फ्रेम लागते. फ्रेम चांगली आहे पण रंग मूळ डॅशबोर्डपेक्षा किंचित चकचकीत, उन्हात फरक दिसतो. मला चालतंय, कोणाला खटकेल म्हणून सांगितलं.

गाडी जोडून झाल्यावर एफएम खरखरायला लागलं. जुन्या स्टिरिओत छान यायचं. मिस्त्रीभाईंनी लगेच ओळखलं, छपरावरच्या छोट्या अँटेनात अँप्लिफायर असतो आणि त्याला वीज स्टिरिओकडूनच जाते, ती निळी वायर जोडली की झालं. झालंच. पुष्कळ लोक नवीन स्टिरिओचा रेडिओ भिकार म्हणतात ते बहुतेक या एका वायरमुळे, तर गाडी ताब्यात घेण्याआधी रेडिओ लावून बघा.

आता दरवाजे. कंपनीचे स्पीकर कागदी कोनचे, हलके, आणि दरवाजा म्हणजे नुसता पत्रा, बास आला की पत्रा आधी थरथरतो आणि स्पीकर मागून. बॉक्सवर ५५ वॉट गुणिले चार लिहिलेलं बघून लोकांना वाटतं स्टिरिओ बदलला की आवाज फुटेल, पण तो पीकचा आकडा असतो, सतत मिळणारी ताकद त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि जुन्या स्टिरिओचीही जवळपास तेवढीच होती. फरक पाडायचा तर तो दरवाज्यात पाडायचा. आतल्या पत्र्याला ब्यूटिल रबराच्या चिकट शीट रोलरने दाबून लावल्या, आतल्या मोठ्या भोकांवरपण. खालची पाणी जायची भोकं मात्र उघडी ठेवायची, ती मी स्वतः टॉर्चने बघितली, कारण आपल्याकडे पावसाळ्यात काचेवरून दरवाज्यात पाणी उतरतंच आणि ते साठलं की पत्रा आतून गंजतो. स्पीकरखालची रिंगसुद्धा एमडीएफची नाही, प्लॅस्टिकची घ्या, एमडीएफ ओलीने फुगतं. वर साडेसहा इंची कंपोनंट (मोठा स्पीकर आणि बारीक आवाजाचा ट्वीटर वेगवेगळे), मधल्या भावातले, ट्वीटर आरशाच्या तिकोनात. वेगळा अँप्लिफायर नाही, सबवूफर नाही. डिकीतली जागा मला हवीय.

ऐकायला माझे सासरे बसले होते. बाबांचा जन्म दांडिया बाजारातला, फैयाज खाँसाहेब बडोद्याचे दरबारी गायक होते याचा त्यांना आजही घरच्यासारखा अभिमान. पहिल्यांदा तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं तर बाबा म्हणाले, "डग्गा कुठे गेला?" खरंच गेला होता. चाट्या कडक येत होत्या पण डग्ग्याची घुमक नाहीच, आणि आवाज समोर एका जागी न बसता दोन्ही कानांशी लोंबकळत होता. मिस्त्रीभाईंनी नऊ व्होल्टचा सेल आणून स्पीकरच्या वायरींना टेकवला, एक कोन बाहेर आला आणि दुसरा आत गेला. एका बाजूचं प्लस-मायनस उलटं. फिरवलं आणि बाबांनी मान डोलावली. मींड उतरताना डग्ग्यावर मनगट घासल्याचा जो आवाज असतो तो या गाडीत आम्ही कधी ऐकलाच नव्हता. खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रणं लावली तर खरखर होती तशीच, ती कोणता स्पीकर काढणार, पण गळ्याला वजन आलं. बाबा पुढच्या सीटवरून उठायला तयार नव्हते.

म्हणून माझं मत ठाम आहे. बजेट कमी असेल तर स्क्रीन साधी घ्या आणि डॅम्पिंग करा. उलटं करू नका.

नेव्हिगेशनबद्दल जास्त लिहायची गरज नाही, फोनवर जे वापरता तेच मोठं दिसतं. दोन गोष्टी फक्त. पावागड, जांबुघोडा, छोटा उदेपूर त्या बाजूला निघालात तर घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, जीपीएसला नेटवर्क लागत नाही पण नकाशाला लागतं, आणि जंगलात रेंज कधी जाईल सांगता येत नाही. आणि अटल ब्रिजवर अजूनही डोळे उघडे ठेवा, वर पूल आणि खाली तोच रस्ता असला की आपण वर आहोत की खाली हे जीपीएसला खात्रीने कळत नाही.

काय गेलं तेही सांगते. जुन्या स्क्रीनवर मायलेजचा जो ग्राफ दिसायचा तो गेला, त्या डब्यातून तो येत नाही. रिव्हर्स कॅमेरा दिवसा झकास, रात्री पोळात (जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत) अंधार असेल तर दाणेदार दिसतो. स्टिअरिंगवरचं फोन कट करायचं बटण आधी चालत नव्हतं, परत गेल्यावर डब्याच्या सेटिंगमध्ये बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत.

सगळं धरून, म्हणजे स्टिरिओ, फ्रेम, कपलर आणि कॅन डबा, कॅमेरा, स्पीकर, शीट आणि मजुरी, पन्नास हजारांच्या आत बसलं. बिल पक्कं घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. जुना स्टिरिओ दुकानदार पाच-सातशे रुपयांत मागतो, देऊ नका, गाडी विकताना परत लावता येतो.

ज्यांच्या गाडीत एसीचे आणि गाडीच्या लॉक-लाइटचे सेटिंग त्याच कंपनीच्या स्क्रीनमध्ये आहेत त्यांनी मात्र पैसे देण्याआधी मिस्त्रीकडून एकेक फंक्शन कागदावर लिहून घ्या की नव्यात चालणार का नाही, आणि तो "बघू, होऊन जाईल" म्हणाला तर गाडी वळवून दुसऱ्याकडे न्या.